आठ पावलांचं पाणी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळं विचारायची फार हौस होती. उत्तर द्यायला मात्र एकच जण होता. उंबरावरचा धनेश पक्षी.

धनेश स्वतः फारसा कुठे जात नसे. त्याच्या लाखभर मुंग्या रानभर हिंडत, पानापानाखाली डोकावत आणि कुठे काय आहे ते येऊन सांगत. धनेश ते डोक्यात नीट लावून ठेवी. कुणी 'मध' म्हटलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत दहा जागा सांगे. चुकलेली पिल्लं आयांना त्याच्यामुळे सापडली होती. खोटं कशाला बोला?

दहांतली वरची जागा कोणती, याचाही नियम होता. जिथे पावलं जास्त उमटलेली, ती जागा वर. एवढे जण जातात ते काय वेडे आहेत?

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. कोंडाई भेकरीचा झरा आटला. तिचं पाडस मलूल झालं. कोंडाई त्याला ढुशा देत उंबराखाली घेऊन आली.

"धनेशदादा, पाणी!"

"पहिली जागा कोल्ह्याची गुहा. पाणी थंडगार. लेकरांसह यावे."

"कोल्ह्याची?"

"त्याची जांभळं खाल्लीत मी. पहिलं नाव त्याचं घ्यावं लागतं," धनेश जरा ओशाळून म्हणाला. "तू आपली दुसरी जागा धर. मोठं तळं. तीन हजार पावलं!"

कोंडाई तळ्यावर पोचली. तळ्यात नुसत्या भेगा. काठावर ही गर्दी!

"पाणी कुठाय?" तिने एका रानडुकराला विचारलं.

"असणार इथेच. एवढी पावलं उगीच का उमटलीत?" रानडुक्कर म्हणालं आणि आणखी चार पावलं उमटवून रांगेत सरकलं.

पाडस मटकन खाली बसलं. कोंडाईने नाक वर केलं. वाऱ्याला कुठूनसा ओला वास होता. त्या वासामागे ती पाडसाला ओढत, ढकलत नेत राहिली. करवंदीच्या जाळीमागे, कातळाच्या खोबणीत, पाणी होतं. पाडस प्यालं. त्याची शेपटी हलली, तेव्हा कोंडाईला रडू फुटलं.

संध्याकाळी ती धनेशाकडे धावली. "दादा, तळं कोरडं आहे. पाणी करवंदीमागे आहे. सगळ्यांना सांग!"

धनेशाने मुंगीला विचारलं. मुंगी म्हणाली, "आहे ना यादीत. चारशे सत्ताविसावी जागा. पावलं आठ."

"आठ?" धनेश हसला. "अगं बाई, आठच पावलं उमटलेल्या जागी कुठे पाणी असतं?"

"पण माझं पोर प्यालं ना!"

"तो तुझा अनुभव झाला. मी माहिती देतो."

तोवर तळ्यावरची पावलं पाच हजार झाली होती.

कोंडाईने मग रानडुकराला गाठलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"धनेश म्हणतो का असं?"

"नाही."

"मग? अडाणी कुठली!" असं म्हणून त्याने कोरड्या जिभेने ओठ चाटले आणि रांगेतली आपली जागा धरली.

तात्पर्य: स्वतःच्या नाकाने कधीही शोधू नये. एखाद्या वेळी सापडतं, आणि मग तहानलेल्यांकडून अडाणी म्हणवून घ्यावं लागतं.