उंटावरचा पिवळा रुमाल

गुडघा दुखवायचा तर उजवा की डावा, हे गाठमास्तरांचं सकाळी सातपर्यंत ठरत नव्हतं. लॉजच्या खोलीतल्या आरशासमोर त्यांनी दोन्ही पायांनी लंगडून पाहिलं. डावा बरा जमत होता. त्यांनी डाव्या गुडघ्याला पट्टा चढवला आणि तेवढ्यात बायको न्हाणीघरातून बाहेर आली.

"काल उजवा दुखत होता ना?"

"इकडे सरकलंय," गाठमास्तर म्हणाले.

टपाल कचेरीच्या पार्सल विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांनी बांधलेलं पार्सल वाटेत कधी सुटलं नाही, आणि पत्त्यावर पोचल्यावरही ते सहजी सुटत नसे. कचेरीनं कौतुकानं आणि थोडं वैतागून दिलेलं नाव निवृत्तीनंतरही तसंच राहिलं होतं.

लग्नाच्या अडतिसाव्या वाढदिवसाला मुलीनं दोघांना ही सहल भेट दिली होती. सकाळी होडी वल्हवायची, दुपारी दोर लावून खडक चढायचा. समुद्राकाठची ही वस्ती तिनं मुद्दाम निवडली होती. इथल्याच टपाल कचेरीत बाबा पहिल्या नेमणुकीवर आले होते आणि समोरच्या शिवणकामाच्या दुकानात आई काज-बटणं करत होती. खडकही तोच होता. खाडीच्या तोंडाशी उभा, वर वशिंडासारखा उंचवटा, म्हणून नाव उंट.

उंटाची गोष्ट मुलीला पाठ होती. बाबांनी एका रविवारी कचेरीतल्यांशी पैज मारली, आईचा डोक्याला बांधायचा पिवळा रुमाल मागून घेतला आणि सोमवारी सकाळी तो उंटाच्या टोकावरच्या लोखंडी खांबाला फडफडत होता. अख्ख्या कचेरीनं खिडकीतून पाहिला. महिन्याभरात लग्न ठरलं, वर्षभरानं झालं. सहलीच्या अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता. तिथं मुलीनं लिहून टाकलं होतं, 'बाबा हा खडक आधीच चढलेले आहेत.'

गोष्टीत एकच खोट होती. बाबा वर गेलेच नव्हते. अर्ध्यावर पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं होतं, आणि पुढचा तासभर एका झुडपाला मिठी मारून ते रडकुंडीला आले होते. रुमाल त्याच झुडपाला बांधून ते कसेबसे उतरले. सकाळी तो टोकावर कसा गेला, हे कोडं त्यांना एकोणचाळीस वर्षं सुटलं नव्हतं. पण बायको 'हो' म्हणाली ती त्या रुमालाकडे बघून, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे तोंड उघडायची हिंमत कधी झाली नाही. आज दुपारी दोर बांधून वर पाठवलं की सगळं पितळ उघडं पडणार होतं.

"काका, तुमचीच वाट बघत होते!" किनाऱ्यावरची प्रशिक्षिका म्हणाली. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि ती सारखी वाजत होती. मनातल्या मनात गाठमास्तरांनी तिचं शिट्टीबाई असं बारसं करून टाकलं. "दुपारी सगळ्यांच्या आधी तुम्ही चढून दाखवायचं हं!"

"गुडघा..." गाठमास्तर म्हणाले.

"गुडघा वल्हवताना लागत नाही!" शिट्टीबाईनं त्यांना दोघांच्या लाल प्लॅस्टिकच्या होडीत बसवलं.

उंटापर्यंत जायला अर्धा तास लागला, कारण गाठमास्तर डावीकडे वल्हवत आणि बायको उजवीकडे. खडकाला पाण्यालगत एक सपाट ओटा होता. शिट्टीबाई म्हणाली, "तुम्ही इथं बसा निवांत. मी बाकीच्यांना खाडीत फिरवून आणते. होडी नीट बांधा!"

होडी नीट बांधा, हे गाठमास्तरांना सांगायची गरज नव्हती. ओट्याच्या वर एक लोखंडी कडी होती. त्यांनी होडीचं नाक तिच्याशी अगदी जवळ ओढलं, दोराला दोन आडवे वेढे, एक उभा, वर पार्सलाची खास गाठ, आणि उरलेलं टोक खाली दाबून टाकलं. होडी तसूभर हलेना. थर्मास, दोघांची पायताणं, वल्ही, सगळं त्यांनी होडीतच ठेवलं. चहाचे भरलेले कप घेऊन दोघं खडकाच्या आडोशाला सावलीत बसली.

"ती तिसरी खिडकी," बायको किनाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "तिथं माझं मशीन होतं. तुम्ही रोज अकराला शिक्का मारायच्या निमित्तानं दारात यायचात."

"शिक्का आतच मारायचा असतो."

"तेच तर."

मग जिन्याखालचं पुस्तकांचं दुकान निघालं, एका छत्रीत चालताना दोघांचे भिजलेले बाहेरचे खांदे निघाले, पहिल्या खोलीतली एकच खुर्ची निघाली. तिच्यावर कोण बसायचं यावरून दोघंही जमिनीवर बसत. आपण या बाईला फसवलं, ही बोच गाठमास्तरांना आता जास्तच टोचायला लागली. दीड-दोन तास कुठं गेले, दोघांनाही कळलं नाही.

उठून बघतात तर पाणी पुरुषभर खाली गेलेलं. आदल्या रात्री पौर्णिमा झाली होती आणि ओहोटी भलतीच खोल होती. पाण्याबरोबर होडीही उतरली असती, पण ती पार्सलाच्या गाठीत होती. नाकाला धरून ती खडकावर उभी टांगली होती. थर्मास, वल्ही आणि पायताणं एकमेकांच्या सोबतीनं खाडीबाहेर निघाली होती.

"गाठ पक्की बसलीय," बायको म्हणाली.

गाठमास्तरांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. होडीच्या वजनानं ती आणखी आवळली होती. नखं दुखली, दातांनी ओढून झालं. शेवटी बायकोनं कमरेच्या पिशवीतून छोटी कात्री काढली. दोर तुटला आणि होडी धपकन खालच्या उघड्या दगडांत पडून आडवी झाली.

"होडीत बसताना कात्री घेऊन येतेस तू?"

"लग्न झाल्यापासून कात्रीशिवाय कुठं जात नाही मी."

एवढ्यात शिट्टी वाजली. शिट्टीबाई लांब पाण्यातच थांबली होती. मध्ये सगळे दगड वर आले होते. "काका! मला जवळ येता येत नाही! वर चढा आणि पलीकडे उतरा! तुम्हाला रस्ता माहितीये ना!" मागच्या होड्यांतून टाळ्या सुरू झाल्या.

गाठमास्तर खाली बसले. त्यांनी गुडघ्याचा पट्टा काढून बाजूला ठेवला.

"मला रस्ता माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी वर गेलोच नव्हतो. अर्ध्यावरून परत फिरलो. तुला खोटं सांगितलं."

"माहितीये," बायको म्हणाली. "उठा आता. पाणी परत भरेल."

ती अनवाणी खडकाच्या मागच्या बाजूला वळली. एरवी पाण्याखाली असलेल्या शेवाळी दगडांतून कोरीव पायऱ्या निघाल्या आणि नागमोडी वर गेल्या. "माझे काका वरच्या खांबावरचा दिवा लावायला इथून जायचे. दिवा बंद झाला, मग कुणी आलं नाही. जपून, निसरडं आहे."

वळणावर ती थांबली. कठड्यावरून वाकलं की समोरच्या अंगाचं ते झुडूप हाताला लागत होतं. गाठमास्तरांनी ते लगेच ओळखलं.

"रविवारी मी खिडकीतून सगळं बघत होते. तासभर तुम्ही लटकलेले! पहाटे ओहोटीला मीच इथून वर आले. रुमाल सुटता सुटेना, शेवटी दुकानातली कात्री चालवली." तिनं पिशवीतून तोच रुमाल काढला. मुलीनं फोटोसाठी आणायला सांगितला होता. एक कोपरा तिरका कापलेला होता. तो वाऱ्यानं फाटला असं गाठमास्तर इतकी वर्षं धरून चालले होते.

"म्हणजे टोकावर तू... पण का?"

"कचेरीतले हसले असते तुम्हाला. माझं तर तुमच्याशीच लग्न करायचं आधीच ठरलं होतं. नवऱ्याला सगळ्यांनी हसायचं, ते मला चाललं नसतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. एवढं थांबावं लागेल असं वाटलं नव्हतं."

गाठमास्तरांचे डोळे ओले झाले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. टोकावर गंजका खांब अजून उभा होता. बायकोनं रुमाल त्यांच्या हातात दिला.

"बांधा. पण घट्ट नको. मला तो घरी न्यायचाय."

आयुष्यात पहिल्यांदाच गाठमास्तरांनी सैल गाठ मारली. ते फोन काढेपर्यंत वाऱ्यानं ती सोडवली. रुमाल उडाला, समोरच्या अंगानं भिरभिरत खाली गेला आणि अर्ध्यावरच्या त्याच झुडपाला अडकला.

दोघं वाकून बघत राहिली. आधी बायको हसली, मग ते. खालून शिट्टी वाजत होती.

"राहू दे तिथंच," गाठमास्तर म्हणाले. त्यांनी फोटो काढला आणि मुलीला पाठवला. लगेच उत्तर आलं, 'हे काय बाबा? रुमाल तर टोकावर होता ना?'

त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, 'मी इथपर्यंतच आणला होता. पुढे आईनं नेला.'