गणपतरावाचं पान

आमचा गुंडू म्हणजे माझा चुलतभाऊ. वय सत्तर, अक्कल सातवीतल्या पोराची आणि मिशा मात्र जनरलच्या! हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या जवानांच्या नावांचा दगड बसवायचा ठरला आणि हा झाला समितीचा अध्यक्ष, दगडावर सगळ्यांत वर आपलंच नाव घालणारा. तेव्हापासून चालतो असा, जणू ती लढाई यानंच मिटवली! बरं, चालायचं तर चाल की. पण कोल्हापुरात माझ्या घरी येऊन, माझाच चहा पिऊन, माझीच चकली मोडत मला म्हणतो,

"आक्का, यादीत आकारामतात्याचं नाव न्हाय. त्यो लढाईला गेलता का मुंबईच्या गिरणीत, कुणाला ठावं? कागद दाव, नाव घालतो."

मी त्याच्या पुढची चकलीची बशी उचलून घेतली. आकाराम म्हणजे माझा बाप. मला भाऊ नाही. त्याच्या नावासाठी भांडणारी मी एकटीच.

"गुंड्या," मी म्हटलं, "गावासमोर कागद वाचून दाखवते. तवर मिशा संभाळ!"

माझ्या बापानं इटलीत एक टेकडी राखली होती. एकट्यानं नाही, खोटं कशाला बोलू? जोडीला गणपतराव होता. बाप सांगायचा, "चिमणे, गणपतराव पुढं, मी मागं. गोळ्या सुटत्यात, पर गडी थांबला न्हाय. त्यो नसता तर तुझा जलमच झाला नसता." गणपतराव लांब तोंडाचा, बोलायचा कमी, हट्टी होता आणि हरभऱ्यावर त्याचा जीव. एवढीच आम्हाला माहिती. मरताना बापानं बजावलं होतं, "म्हाळाला त्याचं पान चुकवू नगंस."

पन्नास वर्षं झाली, पितृपंधरवड्यात माझ्या घरी दोन पानं वाढली जातात. एक बापाचं, एक गणपतरावाचं. त्याच्या पानावर खीर, वडे आणि मूठभर भिजवलेले हरभरे. आमच्या मालकांनी एकदाच विचारलं होतं, "ह्यो गणपतराव आपला कोण?" मी म्हटलं, "तुमच्यापरास जवळचा!" पुन्हा विचारायची त्यांची टाप झाली नाही.

माझी नात पूर्णिमा हुशार. म्हणाली, "आज्जी, पणजोबांचा फौजेतला नंबर हवा." बापानं फौजेतून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत मी तांदूळ ठेवते. झाकणावरचा हिरवा रंग उलथन्यानं खरवडला, तर खाली पांढऱ्या अक्षरांत नंबर! पोरीनं तो घालून फौजेच्या कचेरीला अर्ज धाडला. तिकडून कळलं, उत्तराला वेळ लागेल.

वेळ लागेल? माझ्याकडं वेळ आहे का? मी म्हटलं, "पुन्नी, तवर गणपतरावाची घरची माणसं हुडीक. साक्षीदार पायजेत!" तिनं फेसबुकवर टाकलं आणि चौथ्या दिवशी शाहूवाडीकडून हंबीरराव नावाचे एक गृहस्थ दारात हजर. पायात करकर वाजणारं पायताण, तोंडात पान.

"आमचा आजा गणपतराव! लढाईला गेलता की!"

"या पावणं, या! आज्याला हरभरं आवडायचं का?"

"हरभरं? जीव टाकायचा हरभऱ्यावर!"

"बोलायचा कमी?"

"मुकाच म्हणा की!"

मला भरून आलं. गड्याचा लांब चेहरा बघून तर खात्रीच पटली. मटणाचं ताट वाढलं. तीन वेळा रस्सा घेतला त्यांनी. पुढच्या आठवड्यातही आले, "आज्याची आणिक एक आठवण झाली" म्हणून. त्याही दिवशी मटणच होतं.

आणि एके दिवशी कचेरीचं जाड पाकीट आलं. पूर्णिमा फोडायला गेली, तशी मी तिच्या हातावर चापट मारली.

"खबरदार! गावासमोर फोडायचं!"

"आज्जी, आधी वाचून तर बघूया."

"माझ्या बापावर विश्वास न्हाय तुझा?" पाकीट देवघरात ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं.

रविवारी ग्रामपंचायतीसमोर त्या दगडापाशी सगळा गाव जमला. हंबीररावांना मी स्वतः फेटा बांधवला, शाल घातली, नारळ दिला. ते बोलायला उठले ते बसेचनात. "माझ्या आज्यानं आकारामतात्याला पाठीवर घिऊन टेकडी चढली! आमच्या घराण्यात पाठच तशी हाय!" टाळ्या पडल्या. गुंडूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मी इशारा केला, पूर्णिमानं पाकीट फोडलं.

पहिला कागद झकास! नाव, गाव, नंबर, इटली. मी गुंडूकडं बघितलं. त्यानं दगडाकडं बघितलं.

दुसरा कागद म्हणजे पलटणीच्या रोजनिशीचं पान, साहेबानं इंग्रजीत लिहिलेलं. पूर्णिमा मनातल्या मनात वाचायला लागली आणि थांबली.

"आज्जी, हे घरी वाचूया का?"

"मराठीत सांग. आणि मोठ्यानं!"

पोरीनं कागद डोळ्यांजवळ धरला. "शिपाई आकाराम, खेचर हाकणारा. टेकडीवर दारूगोळा पोचवताना त्याच्या खेचराच्या पायाला गोळी लागली. जनावर सोडून मागं फिरण्याचा हुकूम त्यानं ऐकला नाही. स्वतःचं पागोटं फाडून पाय बांधला आणि दोघांनी मिळून आणखी चार खेपा केल्या. त्यामुळंच टेकडी हातची गेली नाही. या खेचराला तो गणपतराव म्हणतो."

मग कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "मग पावणं कुणाचं नातू?"

गाव असा हसला की पिंपळावरचे कावळे उडाले! हंबीररावांनी हळूच फेटा उतरवला, शालीची घडी घातली आणि म्हणाले, "आमचा गणपतराव निराळा असंल, बाई." नारळ मात्र काखेतच ठेवला.

पन्नास वर्षं मी खेचराला खीर वाढली होती. आणि नवऱ्यापेक्षा जवळचा म्हणाले होते, ते आठवून तर घाम फुटला. पण डोळ्यापुढं बाप उभा राहिला, पागोटं फाडणारा. माझी मान आपोआप वर झाली.

गुंडूच्या मिशा हसून हसून गदगदत होत्या. "आक्का, खेचराचा म्हाळ घातलास व्हय!"

"घातला, आणि औंदाबी घालणार. कागद मिळाला न्हवं? आता नावं घाल."

"नावं? तात्याचं घालतो की, शब्द दिलाय. पर खेचराचं नाव दगडावर कसं चालंल?"

मी पदर खोचला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं त्याला सांगितलं, "गुंड्या, चहा पीत गावभर हिंडणाऱ्या तुझं नाव अध्यक्ष म्हणून चालतंय, आणि मोडक्या पायानं चार खेपा करणाऱ्याचं चालत न्हाय? गपगुमान घाल. आणि वयानं मोठा हाय त्यो तुझ्यापरास, तवा तुझ्या नावाच्या वर घाल!"