तात्यांची वाळूतली जनावरं

आमच्या गल्लीतले तात्या कुणाच्याही घरी गेले की माणसांची खुशाली नंतर विचारतात. आधी चुलीच्या बाजूला मान वळवून म्हणतात, "जनावरं पाणी प्याली का?" आमच्या घरात ना गाय, ना शेळी. ही चौकशी फिल्टरची.

शिरूर कासारच्या अलीकडं आमचं गाव. तीन वर्षांमागं एका संस्थेनं घरोघरी सिमेंटचे फिल्टर बसवले. आत वाळू, तळाला खडी, बाजूनं पाइप. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं की वरच्या वाळूत डोळ्याला न दिसणारे जीव वाढतात, तेच पाण्यातली घाण खातात. वाळू कोरडी पडली की ते मरतात, म्हणून रोज पाणी घाला. आम्ही माना डोलावल्या. तात्यांनी मात्र ते मनावर घेतलं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. गुडघ्यांपायी मेंढरं विकावी लागली होती, तर हा नवा कळप मिळाला. कुणी वाळूत बोट घातलं की म्हणत, "झोपल्या जनावराला कशाला टोचतो रं?"

दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पहिल्या वर्षी परत आलो तर वाळू ठणठणीत कोरडी. पाणी घातलं, पण ते जीव पुन्हा वाढायला आठवडे लागतात. तेवढ्यात माझ्या धाकटीला जुलाब लागले. चार दिवस पोर सलाइनवर होती. तात्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

पुढच्या वर्षी आम्ही ट्रॅक्टरात सामान भरत होतो, तर तात्यांनी येऊन हात पुढं केला. "सुमन, किल्ली दे." अशा अकरा घरांच्या किल्ल्या त्यांनी करदोड्याला बांधल्या. चालले की बैलाच्या घुंगरांसारख्या वाजायच्या.

पाच महिन्यांनी परतलो. बोचकी उतरवायच्या आधी धाकटीनं वर पाणी ओतून पाइपाखाली तांब्या धरला. नितळ, गार पाणी आलं. त्या उन्हाळ्यात तिचं पोट एकदाही बिघडलं नाही. गुडघे धरून चालणाऱ्या त्या माणसानं रोज हापशावरून अकरा घरी पाणी वाहिलं होतं.

कारखान्यावरून आणलेली साखर घेऊन मी त्यांच्याकडं गेले. ते एकटेच असतात. मुलगा पुण्याला, त्याचं येणं वर्षा-दोन वर्षांनी. एवढा त्रास कशापायी घेतला, असं मी विचारलं. आधी त्यांनी जनावरांचंच सांगितलं. मग साखर बाजूला ठेवली.

"तुमी गेल्यावर गल्लीत कुणाचा आवाजच न्हाई ऱ्हात," ते म्हणाले. "फिल्टरात पाणी घातलं की खालच्या भांड्यात टिपटिप सुरू व्हायची. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचो. घरात कुणीतरी हाय, असं वाटायचं."

मी उठले. म्हटलं, तात्या, चला, चहा आमच्याकडंच करते, पोरं लई गलका करतील, पण चला.

तात्या लगबगीनं काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या हातातच होती.