आंतोनचं माप

त्या दुपारी आंतोनने झोपायचं नाही असं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

एरवी निवृत्तीपासून त्याचा दिनक्रम पक्का होता. जेवायचं, पडवीतल्या आरामखुर्चीत लवंडायचं आणि चहाच्या वासाने उठायचं. (गोव्याच्या हॉटेलात उभं राहून नोकरी केली, त्याची तो वसुली करत होता.) पण मागच्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हा कुडाळच्या डॉक्टरने त्याला तपासून बाहेर बसवलं आणि लुईझाला एकटीला आत बोलावलं. नवऱ्याच्या छातीबद्दल बायकोशी खासगीत काय बोलायचं असतं? तेव्हापासून संशयाचा किडा वळवळत होता. म्हणून आज त्याने नुसते डोळे मिटले आणि खोटंखोटं घोरायला सुरुवात केली.

लुईझा चोरपावलांनी आली. तिने दोरा काढून त्याच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत धरला, गाठ मारली. मग या कानापासून त्या कानापर्यंत. मग खांद्यांवरून आडवा. शेवटी तिने एक लांब सुस्कारा सोडला आणि आत जाऊन फोन लावला.

"ब्रॅंडन, खांदे रुंद आसत रे. तुझी फळी पुरूची नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "शिसवी नको, आंब्याची चलात. शनिवारच्या आत होयी. आयतवारी लोकां बघूक येतली."

आंतोनचं घोरणं आपोआप बंद पडलं. ब्रॅंडन हा कट्टा गावचा सुतार. दारं, खाटा सगळेच सुतार करत, पण ख्रिस्तांवाच्या घरी कोणी गेलं की शवपेटी ब्रॅंडनचीच. आणि तीही आंब्याची! एवढ्या वर्षांच्या संसारानंतर शिसवीसुद्धा नाही, याचं आंतोनला मरणापेक्षा जास्त वाईट वाटलं.

सरळ विचारायची मात्र हिंमत होईना. विचारलं तर ती खरं सांगेल, हीच भीती होती. तेव्हा त्याने निमूट निरवानिरव सुरू केली. आधी शेजारच्या बाबलीला कुंपणापाशी हाक मारली. हद्दीवरच्या फणसावरून दोघांत कैक वर्षं भांडण होतं.

"बाबली, तो फणस तुझो. माका नको."

बाबलीने संशयाने झाडाकडे पाहिलं. "कित्याक? किडलो काय?"

"नाय रे. जाताना वांगडा काय न्हेवचा आसा?"

"खंय जातंस?"

आंतोनने डोळे वर केले. "वरती."

"कणकवलेक?"

असल्या माणसाला काय सांगणार? बाबलीने बुंध्यावर चारी बाजूंनी ठोकून पाहिलं आणि संध्याकाळच्या आत फणस उतरवूनही नेले.

रविवार उजाडला. लुईझाने लग्नातला काळा कोट इस्त्री करून ठेवला होता.

"ह्यो घाल. लोकां तुका बघूक येतली."

"मी चलानच येव?" आंतोनने खोल आवाजात विचारलं.

"मगे काय चार माणसां लावूची तुका उचलूक?"

ती त्याला घेऊन गेली ती चर्चला नव्हे, तर जुन्या भातगिरणीत. तिथे गावकऱ्यांनी कलादालन काढलं होतं आणि लुईझा तिथे मातीकामाच्या क्लासला जायची. (आंतोनच्या समजुतीप्रमाणे तिथे बायका कुंड्या करत.) दालनात क्लासच्या स्पर्धेची गर्दी होती, ब्रॅंडनही होता. त्याच्या आंब्याच्या रुंद फळीवर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. शिकवणाऱ्या दीपिका मॅडमनी कापड ओढलं. आत आंतोन निघाला. छातीपर्यंतचा, मातीचा, डोळे मिटलेला, तोंड किंचित उघडं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंतोनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मगे मी मरूचंय नाय?"

"मरतलंस कित्याक? गॅस आसा तुका," लुईझा म्हणाली. "डॉक्टरान वालाची उसळ बंद करूक सांगल्यान. तुझ्या समोर सांगल्यान असता तर तू थयच वाद घातलं असतंस."

आंतोनच्या अंगात एकदम जीव आला. मरण तर टळलंच, शिवाय एवढ्या जगातून बायकोने घडवायला आपल्यालाच निवडलं! त्याला तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की हे चारचौघांना कळावं म्हणून त्याने मुद्दाम शुद्ध भाषेत मोठ्याने विचारलं, "मॅडम, हिनं सगळं सोडून माझाच पुतळा का केला असेल?"

"नवशिक्यांना मी अवघड काही देत नाही," दीपिका मॅडम म्हणाल्या. "घरातली जागची न हलणारी एक वस्तू निवडा, असं सांगितलं होतं."

आंतोनने आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला क्लासातल्या गणपतने केलेली विहिरीवरची पाण्याची डोण होती, दुसऱ्या बाजूला सीताचा रगडा.

पहिलं बक्षीस रगड्याला मिळालं. परीक्षकांच्या मते तो जास्त जिवंत वाटत होता.