ब्रिगेडियरनं नेलेली सुरी

थेल्मा पर्किसच्या स्वयंपाकघरातली सुरी त्या सकाळी खुंटीवर नव्हती. ती रेगनं नेली असणार हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. गावच्या भाजीपाला प्रदर्शनासाठी तिच्या नवऱ्यानं मळ्याच्या तुकड्यावर एक लांबोडका भोपळा वाढवला होता, आणि त्या भोपळ्याला जमिनीचा गारवा बाधू नये म्हणून तो त्याच्या अंगाखाली पेंढ्याची गादी घालत होता. पेंढ्याची सुतळी कापायला सुरी. "माझ्या पाठीला जन्मात कधी उशी लावली नाहीस," असं तिनं रिकाम्या खुंटीला सुनावलं आणि तव्याकडे वळली.

तव्यावर बेकन टाकायचं होतं, आणि बेकनच्या कडेची चिवट साल काढल्याशिवाय थेल्माच्या घशाखाली घास उतरत नसे. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग फडताळाच्या वरच्या कप्प्याकडे बघितलं. तिथं मखमलीच्या तुकड्यावर काळ्या मुठीची सुरी होती.

ही सुरी देवीची. थेल्मा विक्का धर्माची होती, नुसती होती असं नाही, न्यू फॉरेस्टच्या जंगलाच्या कडेच्या त्या गावातल्या मंडळाची मुख्य पुजारीण होती. रेग रविवारी चर्चच्या घंटा वाजवायला जाई, ती पौर्णिमेला मागच्या बागेत चंद्राची देवी आणि शिंगवाला देव यांना बोलावी, आणि घरात भांडण झालंच तर ते चहात दूध आधी घालायचं की नंतर यावरून होई. काळ्या मुठीच्या सुरीचा नियम एकच होता. तिनं वस्तू कापायची नाही. हवेत रिंगण आखायचं, पूजा चालू असताना कुणाला बाहेर जायचं झालं तर त्या रिंगणाला हवेतच दार कापायचं, आणि परत मखमलीवर निजायचं. या सुरीनं दोरा जरी कापला तरी ती साधी सुरी होते, हे थेल्मानं मंडळात आलेल्या प्रत्येकाला बोट नाचवून सांगितलं होतं.

"सालीपुरतं," ती सुरीला म्हणाली आणि खाली घेतली.

साल निघाली. आता सुरी धुवायची तर दाराची घंटा वाजली. थेल्मानं सुरी एप्रनला पुसली, फडताळावर टाकली आणि दार उघडलं. दारात फिलिपा ऑस्गुड उभी होती, वेळेच्या बरीच आधी. लोकांना अवघडल्यासारखं करायचं असलं की ती नेहमीच अशी आधी येई.

फिलिपाचं दुसऱ्या गावात मंडळ होतं, शिवाय रंगीत दगडांचं दुकान होतं, आणि तिच्याकडे बसायला जागा पुरणार नाही इतके लोक येत. थेल्माकडे उरली होती ती स्वतः आणि तिची मैत्रीण मॉड, जी कानानं अधू होती आणि पूजा लांबली की घडीच्या खुर्चीत पेंगायची. वसंतातच दोघींमध्ये ठरून गेलं होतं. लामासला, म्हणजे नव्या गव्हाच्या पहिल्या पावाच्या सणाला, थेल्मानं बाहेरच्या लोकांना पूजा बघायला बोलवायचं. त्यातलं कुणी मंडळात राहायला तयार झालं तर ठीक. नाही झालं तर तिच्या सासूपासून चालत आलेली पूजेची कढई, नाव आणि मॉड हे तिन्ही फिलिपाच्या मंडळात जायचं. आज लामास होता. फिलिपा बघायला आली होती, आणि येताना कढईसाठी मोठी पिशवी घेऊन आली होती.

दुपारी तीन माणसं आली. हिल्डा टर्नक नावाची विधवा, चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गाणारी. आयोना, दवाखान्यातली परिचारिका. आणि गॅरेथ, विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारा, जो फाटकातूनच बागेकडे असा बघत होता की त्याला आत यायचंय की पळायचंय हे कळेना.

थेल्मानं पाव भट्टीत सरकवला, सगळ्यांना बागेत नेलं, गवतावर पिठाची गोल रेघ ओढली आणि भाषण केलं. भाषण तिचं नेहमीच चांगलं होई, कारण त्यात ती कुणाचा तरी समाचार घेई. आज समोरच गिऱ्हाईक होतं. "काही मंडळांत," ती फिलिपाकडे न बघता म्हणाली, "आजकाल रिंगणाचं दार बोटानं कापतात. बोटानं डबासुद्धा उघडत नाही, रिंगण काय उघडणार. आमच्यात सुरी. आखायचं सुरीनं, उघडायचं सुरीनं. एकदा आखलं की सुरीनं दार कापल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. कुत्र्या-मांजराला ही अट नाही, त्यांची मनं स्वच्छ असतात."

फिलिपा हसली. दात दिसले, बाकी चेहरा होता तिथंच राहिला.

थेल्मानं काळ्या मुठीची सुरी उचलून सूर्य फिरतो त्या दिशेनं हवेत रिंगण आखलं. चारी दिशांना बोलावलं, देवीला बोलावलं, शिंगवाल्या देवाला बोलावलं, आणि सुरी मधल्या तिवईवर ठेवून हात वर केले. डोळे मिटले. आपल्या आवाजाला आज काय धार आली आहे, हे तिला जाणवत होतं.

तिनं डोळे उघडले तेव्हा तिवईपाशी ब्रिगेडियर उभा होता. ब्रिगेडियर हा त्यांचा कुत्रा, आखूड पायांचा, मिशाळ, एरवी दिवाणाखालून हलत नसे. त्यानं सुरीची मूठ एकदा हुंगली, मग परत हुंगली, मग ती दातांत धरली आणि स्वच्छ मनानं पिठाची रेघ ओलांडून कुंपणाच्या झुडपात गेला.

गॅरेथला वाटलं हा पूजेचाच भाग असेल, म्हणून त्यानं मान झुकवली.

थेल्मानं पूजा पुढे चालवली. आपण थांबलो तर लोकांना कळेल, न थांबलो तर कदाचित कुत्रा परत येईल, असा तिचा हिशोब होता. तिनं एक जुनं गाणं म्हटलं. मग तेच परत म्हटलं. तिसऱ्या खेपेला मॉड खुर्चीत सरळ झाली. तिचे कान गेले होते, नाक शाबूत होतं.

"थेल्मा, पाव जळतोय गं," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराची एक बारीक रेघ निघाली होती. लामासचा पाव जळतोय, भट्टी भिंतीपलीकडे आहे, मध्ये आहे ती फक्त पिठाची रेघ, आणि ती ओलांडायचं साधन झुडपात कुत्र्याच्या तोंडात. मांजराचं पिल्लू उडी न मारता ओलांडेल अशी ती रेघ, पण मुख्य पुजारीण तिच्या अलीकडे खांबासारखी उभी राहिली. आज हिनं ही रेघ मोडली असती, तर उद्यापासून रेघ म्हणजे गवतावर सांडलेलं पीठ.

"बोटानं कापते मी दार," फिलिपा गोड आवाजात म्हणाली. "पाव वाचेल. मलाही जरा आत जायचंय, तुझ्या एल्डरफुलाच्या वाइनीनं घाई झालीय."

"तू तुझ्या बोटानं जा," थेल्मा म्हणाली. "माझा पाव बोटानं नाही वाचत."

फिलिपानं हवेत बोट फिरवलं, वाकल्यासारखं केलं आणि घरात गेली. भट्टीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, घाई खरंच होती. घरातली धुराची घंटा केकाटायला लागली. थेल्मानं वळून तिघांकडे बघितलं. आता ही तिघं जाणार आणि त्यांच्या मागून कढई जाणार, हे तिला स्वच्छ दिसलं. अशा वेळी विनवण्या करणाऱ्यांतली ती नव्हती.

"जायचं त्यानं जावं," ती म्हणाली. "रिंगण म्हणजे तुरुंग नाही. मी मात्र सुरी येईपर्यंत इथं उभी आहे, संध्याकाळ झाली तरी."

तिघांपैकी कुणी हललं नाही. घंटा केकाटत राहिली. शेवटी थेल्मालाच राहवेना. तिनं विचारलं, तुम्ही का नाही जात, आणि मुळात आलात तरी कशाला?

हिल्डा म्हणाली, नवरा गेल्यापासून चर्चमध्ये ती एका बाकावर एकटी बसते. "पुढच्या माणसाची पाठ मी बघते, मागचा माझी पाठ बघतो. प्रार्थना चांगलीच असते हो, पण सगळी पाठीशी. इथं आल्या आल्या सगळ्यांची तोंडं दिसली."

आयोनानं खांदे उडवले. दवाखान्यात तिच्या वरचा साहेब पुरुष, त्याच्या वरचा पुरुष, त्याच्याही वरचा पुरुष. "म्हटलं, सगळ्यात वर तरी एखादी बाई आहे का, जाऊन बघावं."

गॅरेथ बुटांकडे बघत होता. "मी खरं सांगू का, मिसेस पर्किस? तुमच्यात कपडे काढतात असं ऐकलं होतं. रात्रभर झोप नाही लागली. यावं का न यावं. इथं बघितलं तर सगळे स्वेटर घालून. इतकं बरं वाटलं, की आता जावंसंच वाटत नाही."

मॉडला यातलं नेमकं शेवटचंच ऐकू गेलं आणि ती हसायला लागली. खोकत, डोळे पुसत, गुडघ्यावर थापा मारत हसली. मग आयोना. मग हिल्डा, वरच्या पट्टीत. थेल्मानं गॅरेथला सांगितलं की काही मंडळांत काढतात, पण हँपशायरच्या वाऱ्यात आमच्या वयाच्या दोघी तशा उभ्या राहिल्या तर देवीच आधी अंगावर काहीतरी घे म्हणेल. तो हसता हसता गवतावर बसला. मग सगळीच बसली. हिल्डानं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. गॅरेथनं फोनवर भांडणाऱ्या गिऱ्हाइकांची केली. धूर येत होता, घंटा वाजत होती, आणि थेल्माच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या रिंगणात कुणी नुसतं बसून कधी बोललंच नव्हतं. तिचं भाषण संपलं की लोकांना घरी जायची घाई असे.

घंटा एकदम थांबली. स्वयंपाकघराच्या दारातून रेग आला, मळ्यातल्या चिखलानं भरलेल्या बुटांनिशी, एका हातात कोळशासारखा काळा पाव आणि काखेत स्वयंपाकघरातली सुरी. पायापायांत ब्रिगेडियर. दुसऱ्या हातात काळ्या मुठीची सुरी.

"पाव काढला मी," तो म्हणाला. "आणि हा झुडपात ही चाटत बसला होता. थेल्मा, तुझ्या देवीच्या सुरीला बेकनचा वास कसा काय येतोय गं?"

हा माणूस चर्चच्या घंटा वाजवायचा ते उगाच नाही. जे बोलेल ते गावभर ऐकू जाई. त्याच्या मागे दारात फिलिपा येऊन उभी होती. आता तिच्या हसण्यात सगळा चेहरा सामील होता.

थेल्मानं हनुवटी वर केली. "कारण माझी सुरी तुझ्या भोपळ्यानं नेली. बेकनची साल काढली मी हिनं. सालीपुरतं. देवीला विचारलं नव्हतं, आता तिच्यादेखत सांगतेय."

"मग हे रिंगण बाद," फिलिपा म्हणाली. "सुरी साधी झाली. तुझाच नियम ना तो? आणि पावही गेला. लामास झालाच नाही म्हणायचा." तिनं पिशवीची घडी उलगडली.

मग हिल्डा टर्नकनं घसा साफ केला.

"बेकन उरलंय का?" तिनं विचारलं. "फाटकातून आत आल्यापासून वास येतोय मला. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात ती चकती जिभेवर ठेवली की संपते. म्हटलं, ज्या देवाच्या घरी बेकन शिजतं तिथं थांबून तर बघावं."

रेगनं पावाकडे बघितलं. काखेतल्या सुरीनं त्यानं वरचा काळा पापुद्रा तासून काढला, जसं तो भोपळ्याचं काही करी तसं, जीव लावून. आत पाव पांढरा, मऊ, वाफाळता होता. तो बेकन आणायला आत गेला. परत आला तेव्हा थेल्मानं हात लांब करून काळी सुरी मागून घेतली, रिंगणाला ऐटीत दार कापलं, आणि नवरा ताट घेऊन आत शिरला. आपण चर्चचे आहोत असं तो पुटपुटला. बेकनला धर्म नसतो, चिखलाचे बूट तेवढे बाहेर काढ, असं तिनं त्याला सांगितलं.

ताट फिरलं. प्रत्येकानं पावात बेकन घालून शेजारच्याला भरवलं, कारण लामासला पहिला घास दुसऱ्यानं द्यायचा असतो. रेघेच्या पलीकडे फिलिपा उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात वाइनीखेरीज काही नव्हतं.

"दार उघड ना, थेल्मा," ती शेवटी म्हणाली.

"बोट आहे की तुझ्याकडे."

फिलिपानं बोटाकडे बघितलं. मग ताटाकडे. मग पिशवीची परत घडी घातली. तेवढं झाल्यावर थेल्मानं बेकनच्या वासाच्या सुरीनं तिला दार कापून दिलं. मांस सोडलंय, मला नुसता पाव द्या, असं ती म्हणाली, पण गॅरेथनं भरवलेल्या घासात काय होतं हे तिनं उघडून बघितलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला थेल्माच्या बागेत खुर्च्या पुरल्या नाहीत. तिघं होतीच, हिल्डाबरोबर गायकवृंदातल्या दोघी होत्या, आयोनाबरोबर दवाखान्यातल्या काही जणी, आणि फिलिपाच्या मंडळातले चार-पाच जण मान खाली घालून. गॅरेथनं फाटकातच विचारलं, की आजही अडकायला मिळेल का. थेल्मा म्हणाली, ते देवीच्या हातात आहे.

त्या सकाळी खुंटीवर सुरी होती. रेगनं ती घासूनपुसून, धार लावून टांगली होती, वर बायकोला दाखवलीही होती. थेल्मानं ती खणात ठेवली. मग फडताळावरची काळ्या मुठीची सुरी घेतली आणि तिची मूठ बेकनच्या तुकड्यावरून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, शांतपणे फिरवली. दिवाणाखालून ब्रिगेडियर बाहेर आला आणि हुकूम घ्यायला आल्यासारखा तिच्यासमोर ताठ बसला.