घोटभर पाणी

खापरे काकूंच्या खांद्याला पाण्याची भलीमोठी बाटली कायम लटकलेली असते. तरीही बाई कुणाच्याही घरी गेल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "घोटभर पाणी मिळेल का?"

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळातली पोरं दर थँक्सगिव्हिंगला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देतात. या युवा गटाच्या सेनापती काकू, मी नुसता ड्रायव्हर. काकू मूळच्या नागपूरच्या, आणि अंगात घाई अशी की डबे भरताना, गाडीत बसताना, अगदी फोटो काढतानासुद्धा एकच घोष, "आटपा बाप्पा, आटपा!" डब्यात पम्पकिन पाय नसतो, काकूंनी तळलेले भोपळ्याचे घारगे असतात. अमेरिकन म्हातारे ते मिटक्या मारत खातात.

यंदा घाई जरा जास्तच होती. काका गेल्यानंतरचा हा पहिला थँक्सगिव्हिंग, आणि मुलगा निखिल क्युपर्टिनोहून संध्याकाळच्या विमानाने यायचा होता. काकूंनी हे सकाळपासून भेटेल त्याला सांगितलं होतं, गॅस स्टेशनवरच्या माणसालाही.

पहिल्या घरी वॉल्टर आजोबांनी डबा घेतला, थँक्यू म्हणाले आणि दार लावायला लागले. तोच काकूंनी पाणी मागितलं! आजोबांनी ग्लास शोधला, विसळला, बर्फ घातला. मग आम्हाला बसवणं आलं, बायकोचा फोटो दाखवणं आलं. झाला की अर्धा तास! पुढच्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तर काकूंना पाण्यापाठोपाठ बाथरूमही मागावं लागलं.

गाडीत माझी लेक सिया वैतागली. "काकू, धिस इज सो एम्बॅरसिंग! बॉटल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना. पण डबा देऊन आपण निघालो, तर ते माणूस नुसतं घेणारं झालं ना पोरी? त्यालाही कुणाला काही द्यावंसं वाटत असेल. घरात द्यायलाच कुणी नसलं, की फार वाईट वाटतं बघ." आणि लगेच, "आटपा, चला!"

शेवटचा डबा देऊन निघालो आणि काकूंचा फोन वाजला. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. "आई, सॉरी. ऑफिसचं अर्जंट काम निघालं. तिकीट कॅन्सल केलंय."

"काहून सॉरी? बरंच झालं, मलाही आराम," काकू म्हणाल्या. फोन पर्समध्ये टाकून खिडकीबाहेर बघत बसल्या. सिग्नल हिरवा झाला तरी आटपा म्हणाल्या नाहीत. त्या निखिलला चार शिव्या हासडाव्यात असं मला वाटलं. मग माझी पुण्यातली आई आठवली आणि मी गुमान गाडी चालवली.

मी दारापर्यंत सोडायला गेलो. काकूंनी घराचं दार उघडलं तेव्हा आतलं टेबल दिसलं. दोन ताटं मांडलेली, घारगे झाकून ठेवलेले.

"निघा आता. घरी वाट बघत असतील," असं म्हणून त्या दार लावायला लागल्या.

सिया गाडीतून उतरून धावली. "काकू, घोटभर पाणी मिळेल?"

"आत्ताच तर प्यालीस तिकडे."

"तरी पाहिजे."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. कळलं त्यांना, न कळायला काय झालं! तिला आत घेतलं, ग्लास विसळला, काठोकाठ भरून आणला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. सिया निखिलच्या ताटासमोर बसली होती. तिने ग्लास तोंडाला लावला, तशा काकू समोरच्या खुर्चीत टेकल्या.

"सावकाश पी गं," त्या म्हणाल्या. "घाई नाहीये ना तुला?"