इंगळेभाऊ आणि सिंधूचं रक्त

इंगळेभाऊ नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या गालावर अंगठा ठेवून ते खालची पापणी ओढतात, आतला रंग बघतात आणि "बरं हाय" किंवा "पालक खात जाजो" म्हणतात. एवढं झालं की त्यांच्या लेखी भेट झाली.

राजापेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. शेजारच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये इंगळेभाऊ माझ्या आधीपासून टेक्निशियन आहेत. डोळे तपासणं हा धंदा माझा, पण माझ्या गिऱ्हाइकांचे डोळे बरेचदा माझ्याआधी तेच तपासतात. एक बाई नंबर वाढला म्हणून आल्या होत्या. भाऊंनी त्यांना पायरीवरच अडवलं आणि लॅबमध्ये नेऊन रक्त काढलं. त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं असेल, चष्मा मात्र त्यांनी दुसरीकडून केला.

लॅबमध्ये पेशी मोजायचं मशीन येऊन बरीच वर्षं झाली. मशीनचा आकडा जरा वेगळा वाटला की भाऊ काचेवर रक्ताचा थेंब पसरवतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. "मशीन म्हंते म्हनून मानाचं काय? आदी स्लाइड पाहू." हे वाक्य ते कुठेही वापरतात. दुकानासमोर दोन स्कूटरवाले भिडले तरी भाऊ मध्ये उभे राहून तेच म्हणतात. त्यांच्या मते अर्धं जग स्लाइड न पाहता रिपोर्ट देऊन मोकळं होतं.

असा हा माणूस एकदा स्वतःच तसा वागला.

त्यांना एकच बहीण, सिंधू. वय सत्तेचाळीस, तेल्हाऱ्याला दिलेली. तिच्या नवऱ्याची, प्रल्हादची, तिथे पिठाची चक्की आहे. धामणगाव रेल्वे या गावी नातलगाकडे साखरपुडा होता, तिथे भाऊंना सिंधूच्या दंडावर निळे डाग दिसले. एक मनगटावरही होता. सिंधू म्हणाली, "कुठंतरी धडकली असन रे दादा." भाऊंनी ऐकलं नाही. पंगतीत प्रल्हाद वरणभात कालवत होता. त्याच्यासमोर उभं राहून भाऊ म्हणाले, "जवाई, हात कवापासून उचलून रायले माह्या बहिनीवर?"

प्रल्हादने ताटाला नमस्कार केला, हात धुतले आणि तो बाहेर जाऊन बसला. उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हणजे कबुली, असं भाऊंनी ठरवलं. अमरावतीला परतल्यावर चार दिवस ते माझ्या दुकानात बसून जावयाचा उद्धार करत होते. मीही मान हलवत होतो, हे कबूल करायला हवं.

तीन आठवड्यांनी प्रल्हादच सिंधूला घेऊन राजापेठेत आला. दाढ काढली होती आणि दोन दिवस झाले तरी रक्त थांबत नव्हतं. मी पायरीवर होतो. तो भाऊंना म्हणाला, "तिकडं तपासलं असतं. पन तिचा भरवसा तुमच्यावरच हाय."

मशीनचा आकडा इतका खाली आला की भाऊंनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. मग स्लाइड केली, आणि ती पाहून झाल्यावर दुसरी केली. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"जवायानं काईच केलं नाई," ते म्हणाले.

रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट काचेवर शोधाव्या लागत होत्या. पांढऱ्या पेशी थोड्या, लाल पेशीही कमी. तिन्ही एकदम घटल्या होत्या. डाग पडायला कोणी मारायची गरज नव्हती, नुसतं पिठाचं पोतं दंडाला घासलं तरी पुरे होतं.

त्याच दिवशी तिला अकोल्याला नेलं. तिथे कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून तपासला. जिथे रक्त तयार व्हायचं तिथे बहुतेक चरबीच उरली होती. आजाराचं नाव अप्लास्टिक ॲनिमिया.

तो आजार मला भाऊंनी माझ्याच काउंटरवर, चष्म्याच्या काचा मांडून समजावला. एका बाजूला हाडातल्या मूळ पेशी, त्यांच्यापासून सगळं रक्त बनतं. दुसऱ्या बाजूला टी पेशी, त्यांचं काम रोगजंतूंशी लढण्याचं. "आता ह्या टी पेशीइनं काय केलं, त आपल्याच मूळ पेशीले दुश्मन समजल्या. मारून रायल्या तिले. उरल्या त्याइले वाढू देऊन नाई रायल्या."

"पण काहून?" मी विचारलं.

"नेमकं कोनालेच मालूम नाई. डॉक्टर म्हंते, कवा एखादा व्हायरस निमित्त होते, कवा औषध. लय लोकाइचं त कारनच सापडत नाई." काचा गोळा करता करता ते थांबले. "पन टी पेशी दाबल्या का काहीइचा मगज पुन्हा रक्त बनवाले लागते. म्हंजे मगजाची जमीन चांगलीच होती."

उपचारही तोच होता, टी पेशी दाबायचा. त्यातलं मुख्य औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं. सलाइनमधून ते चढत असताना सिंधूला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. भाऊ बाटलीतले थेंब बघत उभे होते. ताप उतरल्यावर ती म्हणाली, "दादा, उद्या येतानी हरभरे आनजो. घोड्याचं औषध हाय न." भाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच हरभरे नेले. उघडं काही खायला द्यायचं नाही म्हणून नर्सने ते दारातूनच परत केले.

त्यांना खरा धक्का वेगळ्याच गोष्टीने बसला. सिंधूला रक्त लागणार म्हणून ते शर्टाची बाही वर करूनच गेले होते. आजवर अनोळखी लोकांना कितीदा रक्त दिलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, "भावाचं नको." औषध लागू पडलं नाही तर पुढे भावाचाच मगज बसवायची वेळ येऊ शकते. आज त्याचं रक्त दिलं तर तिच्या शरीराशी त्याची ओळख होईल, आणि उद्या ते त्याचाच मगज नाकारेल.

भाऊंनी बाही खाली केली आणि बटण लावलं. मग त्यांनी सगळी राजापेठ पालथी घातली. रक्त द्यायला मला नेलं, औषधवाल्याला नेलं, शिकवणीच्या दोन मास्तरांना नेलं. पापणी ओढून पास झालेला माणूस थेट अकोल्याच्या बसमध्ये.

त्या दिवसांत भाऊ आणि प्रल्हाद वॉर्डाबाहेर एकाच बाकावर बसायचे. एक मास्क लावून आत गेला की दुसरा बाहेर. बोलणं आकड्यांपुरतं.

"आज किती?"

"कालच्याइतक्याच."

पंगतीतल्या त्या वाक्याचा विषय प्रल्हादने काढला नाही. भाऊंना काढता आला नाही. मी एकदा म्हटलं, माफी मागून टाका. ते म्हणाले, "मागतो न. शब्द त सापडू दे."

आकडे हलायला चार महिने गेले. आधी पांढऱ्या पेशी वाढल्या, मग बाहेरून रक्त देणं थांबलं. शेवटी प्लेटलेट सावकाश चढल्या. सिंधू पूर्ण बरी झाली असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. गोळ्या चालू आहेत, तपासण्याही आहेत. पण ती तेल्हाऱ्याला घरी आहे आणि स्वयंपाक करते.

ती घरी गेल्यानंतरच्या रविवारी भाऊंनी किराणा दुकानातून पाच किलो गहू घेतले, पिशवी खांद्याला लावली आणि एसटीने तेल्हारा गाठलं. मी सोबत होतो. चक्कीवर रांग होती. भाऊ रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा प्रल्हादने पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अमरावतीत चक्क्या बंद पडल्या काय?"

"तिथं पीठ बारीक दयत नाई," भाऊ म्हणाले.

प्रल्हादने पिशवी घेतली. पीठ बाहेर यायला लागल्यावर त्याने ते चिमटीत धरून पाहिलं, बारीक दळायला दगडी पाट्या आणखी आवळल्या आणि चक्कीच्या आवाजावर ओरडून तो म्हणाला, "जेवूनच जाजा. सिंधूनं भाकरी टाकल्या हायेत."

तेव्हापासून भाऊ दर महिन्याला गहू घेऊन तेल्हाऱ्याला जातात आणि पीठ घेऊन परत येतात. राजापेठेत चार चक्क्या आहेत, त्यातली एक तर लॅबच्या मागच्या गल्लीतच.

परवा भाऊंना ताप होता म्हणून मी प्रथमच त्यांच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक टेबल, खानावळीचा डबा. भिंतीलगत पिठाच्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या, तोंडं सुतळीने बांधलेली. चहा करावा म्हणून मी गॅस शोधला. गॅस नव्हता, तवाही नव्हता.